अमेरिकेतून ट्रॅव्हल ट्रेलर आणायचा तर टॅरिफ किती बसतं? (मु. पो. कॅल्गरी)

खिळखिळा_पाना | 14 जून 2025, रात्री 9:40

मंडळी, आम्ही नऊ वर्षं कॅनडातल्या कॅल्गरीत (आल्बर्टा प्रांत) आहोत आणि दर उन्हाळ्यात तंबू घेऊन डोंगरात जातो. मागच्या जुलैत रात्री दोनला गारा पडल्या, तंबूचा दांडा मोडला आणि मी, बायको, दोन मुलं आणि भारतातून आलेल्या सासूबाई असे पाच जण पहाटेपर्यंत गाडीत बसून चिवडा खात होतो. सासूबाईंनी तिथेच ठराव मांडला: डोक्यावर पक्कं छप्पर असेल तरच पुढच्या वेळी येईन. त्या ऑगस्टमध्ये पुन्हा येताहेत.

तर आता ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर, बघतोय. नवा नको, जुना. सीमेपलीकडे माँटानात ग्रेट फॉल्सला एका गृहस्थांकडे 2019 चा 24 फुटी आहे, 18,500 अमेरिकन डॉलर म्हणताहेत. तसाच इथे कॅल्गरीत 28 ते 30 हजार कॅनेडियनला दिसतोय.

ऑफिसात जो तो सांगतो, "वेडा आहेस का, गाड्यांवर 25 टक्के टॅरिफ आहे." एक जण म्हणतो जुन्यावर नाही, दुसरा म्हणतो सगळ्यावर. कुणी यंदा आणलाय का?

---

अडकित्ता | 14 जून, रात्री 9:58

शीर्षक वाचून वाटलं सिनेमाच्या ट्रेलरवर पण टॅरिफ लावलं की काय. हल्ली काही सांगता येत नाही.

---

नाक्यावरचा_नाना | 14 जून, रात्री 10:15

आमच्या ठाण्याला मुलुंड चेकनाक्याची जकात होती. ट्रकवाला पावती दाखवायचा, शिपाई ताडपत्रीचं टोक वर करून बघायचा, मागे मैलभर रांग. 2017 च्या जुलैत जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली तेव्हा पेढे वाटले होते लोकांनी. ती जकात आता सूटबूट घालून तुमच्याकडे आली म्हणायची. चालू द्या, शेंगा फोडत वाचतोय.

---

सरळरेषा | 14 जून, रात्री 11:30

धागाकर्ते, ऑफिसातल्या लोकांचा घोळ कुठे झालाय ते सांगतो. मी एडमंटनला कस्टम्स ब्रोकरकडे हिशेब बघतो. हे माझं मत समजा, सरकारी उत्तर नव्हे.

अमेरिकेच्या टॅरिफला उत्तर म्हणून यंदा कॅनडाने लावलेली प्रतिशुल्कं तीन हप्त्यांत आली. 4 मार्चला 30 अब्ज डॉलरच्या मालावर 25 टक्के: संत्र्याचा रस, पीनट बटर, दारू, कपडे, मोटरसायकली वगैरे. 13 मार्चला पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि त्यासोबत हत्यारं, कॉम्प्युटर, खेळाचं सामान. 9 एप्रिलला मोटारगाड्या. तुमचे सहकारी म्हणतात ते हेच शेवटचं. ते *मोटार* गाड्यांवर आहे. तुमच्या ट्रेलरला इंजिन नाही, त्यामुळे तो कस्टम्सच्या पुस्तकात वेगळ्या घरात राहतो: 8716.10, राहण्या-कॅम्पिंगचे ट्रेलर.

मार्चमध्ये आणखी एक 125 अब्जांची यादी चर्चेला ठेवली होती. तिच्यात 'रिक्रिएशनल व्हेइकल्स' (आरव्ही, म्हणजे फिरती घरं) असा शब्द स्वच्छ लिहिलेला होता. वर्तमानपत्रांनी तो छापला आणि लोकांच्या डोक्यात तोच बसला. ती यादी अख्खी कधी लागूच झाली नाही. घोषणा लक्षात राहते, न झालेली अंमलबजावणी कुणाच्या लक्षात राहते?

म्हणून आजच्या घडीला ट्रेलरवर ते 25 टक्के नाही. पण गोष्टी आठवड्यात बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी सीबीएसएला (कॅनडाच्या कस्टम्सला) फोन करून 8716.10 हा आकडा सांगून विचारा. "ट्रेलर आणतोय" एवढंच म्हणालात तर पलीकडचा माणूस बोटीच्या ट्रेलरपासून सुरू करील.

मोटरहोमचा विषय वेगळा, त्याला इंजिन असतं. त्यात इथे शिरत नाही.

---

खिळखिळा_पाना | 14 जून, रात्री 11:52

सरळरेषा, शंभर नमस्कार. म्हणजे शून्य?

---

सरळरेषा | 15 जून, सकाळी 7:10

शून्य म्हटलं की माणूस हिशेब करायचा थांबतो, म्हणून म्हणत नाही.

एक, मूळ आयातशुल्क. कुस्मा (कॅनडा-अमेरिका-मेक्सिको व्यापार) करारानुसार ट्रेलर उत्तर अमेरिकेत बनलेला असेल तर माफ. स्वतःच्या वापरासाठी आणताय, त्यामुळे बनावटीची पाटी बहुधा पुरते. व्हिन नंबरचा (वाहनाच्या ओळख क्रमांकाचा) पहिला आकडा बघा: 1, 4 किंवा 5 असेल तर अमेरिका, 2 कॅनडा, 3 मेक्सिको.

दोन, सीमेवर कॅनडाचा 5 टक्के जीएसटी. तो चुकत नाही, विकणारा दुकानदार असो की कुणाचे आजोबा.

तीन, आरआयव्ही, म्हणजे आयात वाहनांची नोंदणी. 325 डॉलर अधिक कर. सीमेवर फॉर्म 1, मग पैसे भरा, रिकॉल (दोष काढायला निर्मात्याने परत बोलावणं) बाकी नाही याचं निर्मात्याकडचं पत्र द्या, फॉर्म 2 येतो, तो घेऊन 45 दिवसांत तपासणी.

---

बर्फाळ_कोल्हापूरकर | 15 जून, सकाळी 8:05

सरळरेषा भावा, एक मुद्दा सुटला बघ. आल्बर्टात खाजगी माणसाकडनं जुना ट्रेलर घेतला तर एक पैसा कर नाही. प्रांताचा सेल्स टॅक्स नाहीच, आणि खाजगी व्यवहारावर जीएसटी नाही. तोच ट्रेलर सीमेपलीकडच्या खाजगी माणसाकडनं आणला की 5 टक्के मोजा. म्हणजे टॅरिफ नसलं तरी पाच टक्क्यांचा उंबरठा आहेच की.

हे सगळे टॅरिफ टॅरिफ करत बसल्यात आणि खरा खड्डा विनिमय दराचा. मी माझा ट्रेलर 2011 ला नॉर्थ डकोटातनं आणला. तवा लूनी, म्हंजे कॅनेडियन डॉलर, अमेरिकन डॉलरच्या वर होता! इथल्यापेक्षा आठ हजारानं स्वस्त पडला. आज 18,500 चे किती होतात ते बँकेच्या दरानं काढ, टीव्हीवरच्या दरानं नको.

---

खिळखिळा_पाना | 15 जून, सकाळी 11:20

काढले. टीव्हीवर 1.36 च्या आसपास, बँक 1.40 म्हणते.

ट्रेलर: 25,900
जीएसटी: साधारण 1,270
आरआयव्ही करासकट: 341
पेट्रोल, एक रात्र मोटेल: 400
एकूण: 27,900 च्या घरात

25 टक्के बसलं असतं तर वर आणखी सहा हजार तीनशे. म्हणजे ते नसूनही फायदा जेमतेम हजार-दीड हजाराचा? मी तर सात-आठ हजार वाचतील म्हणून मनात सौरपॅनल पण लावून ठेवलं होतं.

---

अडकित्ता | 15 जून, सकाळी 11:31

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यात कोंबडी ओढत पाचशे किलोमीटर आणायची.

---

टोरांटोची_माई | 15 जून, दुपारी 1:45

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. 4 मार्चला आमच्या ऑन्टारिओत सरकारी दुकानांनी अमेरिकन दारू फळीवरून उतरवली. शेजारची पंचाहत्तरीची बाई संत्र्यावरचा स्टिकर बघून पिशवीत टाकते. आणि आपण हजार डॉलरसाठी माँटानाला पंचवीस हजार देऊन येणार? इथल्या माणसाकडून घ्या, पैसा इथे राहू दे.

---

नांगरट | 15 जून, दुपारी 2:20

माई, भावना मान्य. पण तो कॅल्गरीतला 'इथला' ट्रेलर बनला कुठे? उत्तर अमेरिकेतले ऐंशी टक्क्यांहून जास्त आरव्ही इंडियानातल्या एल्कहार्ट काउंटीत आणि तिच्या आसपास बनतात. मी तिथून तासाभरावर राहतो आणि याच धंद्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यात खरेदी बघतो. कॅनेडियन डीलरच्या आवारातले बहुतेक ट्रेलर आमच्याच रस्त्यांवरून गेलेले असतात. खरोखर कॅनेडियन हवा तर क्यूबेकचा आल्टो, बीसीतल्या (ब्रिटिश कोलंबियातल्या) चिलिवॅकचा एस्केप, आर्मस्ट्राँगचा बिगफूट. चांगला माल आहे, पण लहान कारखाने.

आता विषय निघालाच आहे तर आतली गोष्ट. लोक सीमेवरचं टॅरिफ शोधतात. नव्या ट्रेलरमध्ये ते आधीच मुरलेलं असतं, लोणच्यातल्या मिठासारखं. खालची चौकट पोलादाची, बाहेरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा: दोन्हींवर अमेरिकेने 12 मार्चला 25 टक्के लावलं आणि 4 जूनपासून ते 50 केलं. पोलाद देशी घेतलं तरी देशी गिरणी भाव वाढवतेच, ती काय धर्मादाय आहे? भिंती आणि छताला आतून जो पातळ लुआन प्लायवूड लागतो तो इंडोनेशियाहून येतो. टायर, आस, एलईडी पट्ट्या यांत चीन आहेच. माझ्या टेबलावर रोज पुरवठादाराचं एक पत्र येतं: "अमुक तारखेपासून अधिभार." पूर्वी वर्षातून दोनदा कोटेशन बदलायचं.

2019 च्या ट्रेलरमध्ये यातलं काही नाही, कारण तो बनून गेलाय. पण नवा महागला की जुन्याचा मालकही मिशीला पीळ देतो. तुमच्या 28-30 हजारांत थोडं तेही असणार.

---

टोरांटोची_माई | 15 जून, दुपारी 2:41

बरं बाबा, मग चिलिवॅकचा घ्या. संपला प्रश्न.

---

पावसाळी_पॅसिफिक | 15 जून, संध्याकाळी 6:15

माई, चिलिवॅकचा मी घेतलाय, सिअॅटलला राहून! माझी उलटी गंगा. फायबरग्लासचा छोटा 17 फुटी. आधीच ऑर्डर देऊन बसलो होतो आणि फेब्रुवारीत कॅनडाच्या मालावर 25 टक्क्यांची घोषणा झाली. मग महिनाभर पुढे ढकललं, मग 4 मार्चला लागलं, मग दोन-तीन दिवसांत यूएसएमसीएला (कुस्माचंच अमेरिकन नाव) पात्र मालाला सूट. त्या आठवड्यात मी दिवसातून सहा वेळा बातम्या बघायचो. बायको म्हणाली, "दहावीच्या निकालाला एवढा घाबरला नव्हतास."

शेवटी कारखान्याने बनावटीचं प्रमाणपत्र दिलं, मी एप्रिलमध्ये सुमासच्या नाक्यावरून घरी आणला. अधिकाऱ्याने कागद बघितले, आत डोकावला, फ्रिज उघडला. फ्रिजमध्ये बायकोने दिलेला पोळ्यांचा डबा. "होममेड?" म्हणाला. मी प्रमाणपत्राच्या धाकात "यस सर, कॅनडात नाही, वॉशिंग्टनमध्ये बनलंय" असं सांगून मोकळा झालो.

---

कडीपत्ता | 15 जून, संध्याकाळी 6:30

पोळ्यांचंही मूळ सांगावं लागतं म्हणजे. पीठ कुठलं होतं पण?

---

पावसाळी_पॅसिफिक | 15 जून, संध्याकाळी 6:33

कॅनडाचंच! तेच तर. गप्प बसलो.

---

शॉर्टकट_शिरोमणी | 16 जून, सकाळी 10:00

एवढी डोकेफोड कशाला? माँटानात सेल्स टॅक्स नाही. तिथे एलएलसी (छोटी कंपनी) काढायची, ट्रेलर तिच्या नावावर ठेवायचा, तिथलीच नंबरपाटी लावून कॅनडात फिरवायचा. जीएसटी नको, आरआयव्ही नको. कितीतरी लोक करतात.

---

सरळरेषा | 16 जून, सकाळी 10:25

आणि कितीतरी लोकांचे जप्त होतात. कॅनडाच्या रहिवाशाला अमेरिकन पाटीचं वाहन आयात न करता इथे असं वापरता येत नाही. अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, "राहता कुठे?" त्याला कॅल्गरी सांगितलं की एलएलसी तिथेच संपली. धागाकर्त्यांनो, हा प्रतिसाद वाचून विसरा.

---

शॉर्टकट_शिरोमणी | 16 जून, सकाळी 10:27

सहज सुचवलं हो.

---

बर्फाळ_कोल्हापूरकर | 16 जून, दुपारी 12:10

शिरोमणी, तुम्ही उंटावरनं शेळ्या हाकायचं बंद करा आधी.

पानासाहेब, कागदाचं झालं, आता मालाचं बघा. ग्रेट फॉल्सला गेलात तर पैशाचं बोलायच्या आधी हे करा. आतल्या चारी कोपऱ्यांत, वरच्या कपाटात हात घालून अंगठ्यानं भिंत दाबा. लुसलुशीत लागली की उलट्या पावली परत. मग बाहेरनं उन्हाच्या तिरपीत पत्र्याकडं बघा: फुगवटे दिसले तर आत पाणी गेलंय, बाहेरचा थर सुटलाय. दारं बंद करून पाच मिनिटं आत बसा आणि वास घ्या. ओल्या गोणपाटाचा वास आला तर मालक काय बी सांगू दे. टायरवर शेवटचे चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी सहा वर्षांचा टायर घेऊन पाचशे किलोमीटर यायचं नाही. माझा शेल्बीजवळ फुटला होता. मडगार्डसकट गेला, आणि रविवार होता.

आणि वारा. लेथब्रिजच्या आसपास जो आडवा वारा सुटतोय त्यो अख्खा ट्रेलर हलवतोय नुसता. तुमची गाडी कोणती?

---

खिळखिळा_पाना | 16 जून, दुपारी 12:40

हायलँडर. 5,000 पौंड ओढते असं पुस्तकात आहे. ट्रेलर रिकामा 4,800.

---

नांगरट | 16 जून, दुपारी 12:44

अरे देवा.

---

बर्फाळ_कोल्हापूरकर | 16 जून, दुपारी 12:51

थांबा थांबा थांबा. रिकामा 4,800 म्हंजे पाणी, गॅस, बॅटरी, भांडी, सासूबाईंचं लोणचं धरून 6,000 पार. शिवाय ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर येतो, 600 ते 900 पौंड. त्यात तुम्ही पाच जण. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पाटीत लिहिलंय माणसं अधिक सामान किती चालेल. ते वाचा आणि मग मला सांगा.

---

खिळखिळा_पाना | 16 जून, दुपारी 1:15

वाचली. पार्किंगमध्ये उभा राहून दोनदा वाचली. आम्ही पाच जण बसल्यावर हुकासाठी जे उरतं त्यात ट्रेलर नाही, सायकलचा स्टँड येईल.

---

कडीपत्ता | 16 जून, दुपारी 1:20

25 टक्क्यांचा शोध घ्यायला आलेला माणूस 5,000 पौंडांत अडकला. आमच्याकडे पालख्या निघायच्या आहेत; दिंडीच्या ट्रकवाल्याला विचारा, तंबू, भांडी, गॅस, म्हाताऱ्या सगळं एकात बसवतो आणि हायलँडरपेक्षा चढ चांगला चढतो.

---

लेकसाइड_लता | 17 जून, सकाळी 9:00

मी ऑन्टारिओची. 2018 मध्ये जुलै ते पुढच्या मेपर्यंत अमेरिकन बोटींवर 10 टक्के होतं, तेव्हा आम्ही मिशिगनहून एक जुनी मोटारबोट आणायच्या बेतात होतो. "थांबू या, जाईल हे" म्हणत एक उन्हाळा घालवला. टॅरिफ गेलं खरं, तोवर ती बोटही विकली गेली आणि तशी दुसरी त्या भावात मिळाली नाही. टॅरिफपेक्षा वाट बघण्याचं भाडं जास्त पडलं.

नवा घेणार असाल तर अजून एक: बऱ्याच निर्मात्यांचे करार असे असतात की अमेरिकन डीलरने कॅनेडियन गिऱ्हाइकाला नवा विकायचा नाही, विकला तर वॉरंटीत खोड निघते. शिवाय कॅनडासाठी बनलेल्यावर सीएसए झेड240 (आरव्हीचं कॅनेडियन मानक) ची पट्टी असते. जुन्यात हे प्रश्न कमी.

---

हेमंत_पौड_रोड | 18 जून, दुपारी 3:30

पुण्याहून विचारतो. आपल्याकडे 2021 मध्ये महाराष्ट्राने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण रस्त्यावर मला अजून एकही घरचा ट्रेलर दिसला नाही. ताम्हिणीत 24 फूट वळवणार कसा हा प्रश्न आहेच. तुम्ही लोक रिव्हर्स कसा घेता?

---

बर्फाळ_कोल्हापूरकर | 18 जून, दुपारी 4:02

स्टिअरिंगला खालनं धरायचं आणि जिकडं ट्रेलरचं ढुंगण न्यायचंय तिकडं हात न्यायचा. आणि बायकोला मागं उभं करायचं न्हाई. घटस्फोट आरव्ही पार्कात हुतोय, कोर्टात नुसती सही.

---

खिळखिळा_पाना | 7 सप्टेंबर 2025, रात्री 8:30

धागा वर काढतोय, शेवट सांगायचा राहिला होता.

ग्रेट फॉल्स रद्द केलं. ते गृहस्थ फोनवर फार सज्जन होते, "यंदा कॅनडाकडून फोनच येत नाहीत" म्हणाले. जुलैच्या शेवटी लेथब्रिजच्या एका निवृत्त जोडप्याकडून 19 फुटी घेतला, 2016 चा, रिकामा 3,200 पौंड. 17,500 कॅनेडियन, खाजगी व्यवहार, कर शून्य. अंगठा चारी कोपऱ्यांत दाबला. काका म्हणाले, "दाबा दाबा, मीही घेताना दाबला होता." टायर 2016 चेच निघाले, ते कारण सांगून पाचशे कमी केले आणि त्याच गावात नवे टाकून निघालो. व्हिन 4 ने सुरू होतो, म्हणजे माई, माफ करा, आहे इंडियानाचाच, पण पैसा आल्बर्टात राहिला.

वाऱ्याचं खरं होतं. फोर्ट मॅक्लाउडपर्यंत मी श्वास घेतला की नाही आठवत नाही.

सासूबाई दोन रात्री राहिल्या. गारा पडल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, तंबूत झोप चांगली लागते.

---

सरळरेषा | 7 सप्टेंबर, रात्री 9:05

अभिनंदन! मागाहून वाचणाऱ्यांसाठी नोंद: 1 सप्टेंबरपासून कॅनडाने कुस्मात बसणाऱ्या अमेरिकन मालावरची बरीचशी प्रतिशुल्कं काढली. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि मोटारगाड्यांवरची ठेवली आहेत. हा धागा पुढच्या वर्षी वाचत असाल तर वरच्या एकाही आकड्यावर विसंबू नका, फोन करा. 8716.10.

---

नाक्यावरचा_नाना | 7 सप्टेंबर, रात्री 9:20

शेवटी नाका ओलांडलाच नाही की! तीन महिने ताडपत्री उचलून कशाला धरली मग आम्ही?

---

कडीपत्ता | 2 ऑक्टोबर 2025, सकाळी 10:12

आज दसरा. ट्रेलरची पूजा केली की नाही? फोटो टाका.

---

खिळखिळा_पाना | 2 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:40

केली. हुकाला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. नारळ फोडताना पाणी सात पिनांच्या प्लगवर उडालं आणि आता उजवा इंडिकेटर लागत नाहीये. कुणाला काही कल्पना?

---

बर्फाळ_कोल्हापूरकर | 2 ऑक्टोबर, संध्याकाळी 7:58

पिना कोरड्या कापडानं पुसा, मग अर्थिंगची पांढरी वायर बघा. आणि पुढच्या वर्षी नारळ मागच्या बंपरवर.